काकूंचा हिरवा चुडा

काकू कोणत्याही बाईच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पाय, मग हात, मग गळा. या तीन पेपरांत पास झाली तरच चेहरा. बोईसरच्या एका औषधाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये रुजू झाले, त्या दिवशी माझीही अशीच परीक्षा झाली. माझं लग्न नुकतंच झालं होतं. नवऱ्याची नोकरी तारापूरला, म्हणून सांगली सोडून मी इकडे आले होते. पायांत जोडवी नव्हती. मला ती जुनाट वाटायची. एका हातात सोन्याची एकच बांगडी, दुसऱ्यात घड्याळ. मंगळसूत्र होतं, पण चेनसारखं बारीक, आणि तेही पदराच्या आत.

"लग्न झालंय का ठरलंय?" त्यांनी विचारलं.

"झालंय."

"कुणाला सांगितलं नाय वाटतं अजून."

पॅकिंग हॉलमधल्या बायका माना खाली घालून हसल्या. काकू त्या हॉलच्या सुपरवायझर होत्या. गोळ्या बाटल्यांत भरणं, झाकणं लावणं, लेबलं चिकटवणं, हे सगळं त्यांच्या ताब्यात. उंच, हाडापेराने दणकट बाई. दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या गच्च भरलेल्या, त्यांच्या पुढेमागे सोन्याच्या पाटल्या. पायांत जोडवी आणि मासोळ्या. गळ्यात काळ्या मण्यांचं दोन पदरी मंगळसूत्र, वाट्या चांगल्या ठसठशीत. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली ही बाई रोज सकाळी कालच बोहल्यावरून उतरल्यासारखी कामावर यायची. मशिनचा एवढा आवाज असायचा, पण काकू दाराशी आल्या की बांगड्यांवरून कळायचं आणि गप्पा जागच्या जागी थांबायच्या.

माहेर आणि सासर दोन्ही घिवलीच्या बाजूला, समुद्रकाठच्या वाडीवाल्या घरांतलं. मोगरा, वांगी, नारळ यांत वाढलेल्या. नवरा शिंपी. बोईसर स्टेशनजवळ त्याचं छोटं दुकान होतं आणि राहायला सालवडला दोन खोल्या. तो माणूस काकूंच्या खांद्याला लागेल एवढा, बोलणं जवळजवळ नाहीच. काकूंना तो "ओ" म्हणायचा आणि काकू त्याला "आमचे मास्तर". दर श्रावणात तो त्यांना कासाराकडे घेऊन जायचा. मीही कधी कधी बरोबर असायचे. कासार हात दाबून बांगड्या चढवायला लागला की काकूंना काही व्हायचं नाही, मास्तरच डोळे मिटून घ्यायचे आणि काकूंचा दुसरा हात घट्ट धरून बसायचे.

"बग, दुखतंय मला नि घाम ह्यांना," काकू म्हणायच्या.

दागिन्यांबद्दल त्यांची स्वतःची मतं होती आणि ती कोणी विचारण्याची त्या वाट बघत नसत. नथ लग्नात का घालतात? तर नाकात नथ असली की नवरीला मोठ्यानं ओरडता येत नाही, म्हणून. मंगळसूत्राला दोन वाट्या का? "एक माहेरची, एक सासरची. दोगी जन्मभर शेजारी शेजारी, पण एकमेकीचं तोंड बगत नाय." लॅबमधल्या एका साहेबांनी त्यांना एकदा समजावून सांगितलं, की जोडव्यांनी पायाच्या बोटातली नस दाबली जाते, त्यामुळे बाईची तब्येत चांगली राहते, आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाप्यांना नसा नसतात काय?"

हसवायच्या, पण कडकही होत्या, आणि तो कडकपणा नेहमी हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हॉलमध्ये मनोरकडच्या पाड्यातली एक तरुण मुलगी कामाला होती. तिचा नवरा हायवेवर अपघातात गेला होता. संक्रांतीला काकू हॉलमध्ये हळदीकुंकू करायच्या, स्वतःच्या खर्चानं. ताट घेऊन त्या एकेकीपुढे थांबायच्या आणि त्या मुलीपाशी आल्या की जणू तिथे कोणी नाहीच, अशा पुढच्या बाईकडे वळायच्या. नंतर वेगळा तिळगूळ द्यायच्या, कुंकू नाही. मी नंतर त्यांना म्हटलं, "काकू, तिला किती लागलं असेल." त्या म्हणाल्या, "रीत मी बनवली काय? मी बनवली असती तर मोडली असती."

आणि मग ती काच सापडली.

तपासणीसाठी आलेली एक बाटली मी ट्रेमध्ये ओतली. पांढऱ्या गोळ्यांत हिरव्या काचेचा एक तुकडा होता, नखाएवढा. मी तो चिमट्यानं उचलून कागदावर ठेवला आणि पॅकिंग हॉलमध्ये गेले.

"काकू, कुणाची तरी बांगडी फुटलीय."

"वाढलीय म्हणावं," त्या सवयीनं म्हणाल्या. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि हातातली लेबलं खाली ठेवली.

तासाभरात मॅनेजर साहेब हॉलमध्ये उभे होते. सगळा माल अडवून ठेवलेला. ते बाहेरचे, हिंदीतून बोलायचे, माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी भडकलेले होते. "कल से कोई लेडीज़ ज्वेलरी पहनकर अंदर नहीं आएगी. चूड़ी, मंगलसूत्र, कुछ नहीं. जिसको मंज़ूर नहीं, वो घर बैठे."

ते गेल्यावर बायका उसळल्या. मंगळसूत्र गेटवर काढून ठेवायचं? मोकळे हात घेऊन आत जायचं? तेराव्याला जाण्यासारखं? एक नव्यानं लग्न झालेली मुलगी रडायलाच लागली. सासूला कळलं तर नोकरी बंद, आणि घरात तिच्या एकटीचाच पगार. कुणी म्हणालं, उद्यापासून कामच बंद करू. सगळ्यांचे डोळे काकूंकडे लागले. एवढा चुडा मिरवणारी बाई, आता हीच पुढे होणार.

काकूंनी माझ्या हातातला कागद घेतला. त्या तुकड्यावर एक बारीकसा सोनेरी ठिपका होता. त्यांनी तो आपल्या मनगटापाशी धरला. त्यांच्या प्रत्येक बांगडीवर तसेच ठिपके होते. हॉलमध्ये दुसऱ्या कोणाच्याच बांगड्यांवर नव्हते. त्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या मोजल्या. एक कमी होती.

"माजी हाय," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू, गप राव्हा ना, कुणाला कळतंय?"

"ह्या गोळ्या कोण खातं?" काकूंचा आवाज चढला. "कुणाचा तरी नवराच खातो ना? कुणाचं पोर खातं. माज्या हातातली काच त्याच्या पोटात गेली, तर ह्या चुड्याला काय म्हणायचं? सौभाग्य?"

त्या तशाच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या आणि सांगून आल्या. साहेबांनी त्यांना काढलं नाही. पण म्हणाले, सुपरवायझर तुम्ही, चूक तुमची, आता उद्यापासून नियमही तुम्हीच पाळवून घ्यायचा. काकूंनी मान डोलावली. त्या दिवशी सुटी झाल्यावर त्या सालवडला न जाता थेट नवऱ्याच्या दुकानात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर ही गर्दी. रखवालदार, हमाल, इतर खात्यांतली माणसं, सगळे बघायला उभे. मॅनेजर साहेबही होते. काकू आल्या त्या एक पांढरा ॲप्रन अंगावर चढवून. कॉलर उंच, गळ्याशी बंद, बटणं मागच्या बाजूला. पिशवीतून त्यांनी खोबरेल तेलाची बाटली काढली, पायरीवर बसल्या, हाताला तेल चोळलं आणि एकेक बांगडी उतरवायला लागल्या. घाई नाही, झटका नाही. काच कडकन वाजेल म्हणून आम्ही सगळ्या श्वास धरून उभ्या होतो. एकही वाढली नाही. सगळ्या उतरल्यावर पाटल्यांसकट त्यांनी त्या एका नाड्यात ओवल्या आणि रखवालदाराच्या खोलीत खिळ्याला अडकवल्या.

"बगितलंत?" त्या बायकांना म्हणाल्या. "फोडल्या नाय. कुणी वरबाडल्या नाय. मी माज्या हातानं उतरवल्या, संध्याकाळी माज्या हातानं घालीन. या, तेल हाय."

एकेक बाई पुढे आली. ती रडणारी मुलगीही.

साहेबांनी काकूंच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "और मंगलसूत्र?"

"वो नहीं निकलेगा साब. कॉलर के अंदर हाय. कितना पण झुको, बाहर आएगा नहीं." आणि त्या कमरेतून वाकल्या, उड्या मारल्या, हात हलवले. गेटवरचे लोक हसायला लागले. "एक मणी पड्या, तो मैं घर गया. सबके लिए मेरा आदमी ऐसाच ॲप्रन सियेगा. मंजूर?"

साहेबांनी ॲप्रनची कॉलर नीट निरखून पाहिली. "मंज़ूर. लेकिन बाकी नियम सबके लिए है."

"सबके लिए?" काकूंनी विचारलं. "तुमी पण हॉल में आता ना?"

"हाँ, आता हूँ."

"तो ये पिवळा खडा किसका हाय?"

साहेबांच्या बोटात पुष्कराजाची जाडजूड अंगठी होती. कुणा ज्योतिषानं घालायला सांगितलेली. साहेबांनी अंगठीकडे पाहिलं. मग त्यांनी ती ओढली. निघेना. कितीतरी वर्षांत ती निघाली नव्हती. बोट लाल झालं. तेव्हा काकू पुढे झाल्या, त्यांचा हात आपल्या हातात घेतला, तेल लावलं आणि कासारासारखं दाबत दाबत ती अंगठी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"डरो मत," त्या म्हणाल्या. "ग्रह शाम को वापस मिलेगा."

सगळ्यात आधी साहेब हसले. मग जो हशा उसळला, तो रस्त्यापलीकडच्या कारखान्यापर्यंत ऐकू गेला असेल. त्या दिवसापासून हॉलमध्ये जाणारे फिटर, साहेब, तपासनीस, सगळ्यांच्या अंगठ्या आणि गंडेदोरे गेटवर राहू लागले. मास्तरांच्या दुकानात ॲप्रनची शिवण महिनाभर चालली होती. संप झाला नाही, कुणाची नोकरी गेली नाही. आणि मी, सांगलीची शिकलेली, त्या रविवारी पालघरच्या बाजारात जाऊन जोडवी घेऊन आले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. इतकंच वाटलं, की ज्या गोष्टीसाठी या बायका एवढ्या ताठ उभ्या राहिल्या, तिच्यात जुनाटपणापेक्षा जास्त काहीतरी आहे.

काही वर्षं अशी गेली. कारखाना वाढला, काकूंचे केस पिकले. नव्वद साल उलटल्यावरची गोष्ट. मास्तर एका दुपारी मशिनवर बसल्या बसल्याच गेले. पायाखाली पाय-मशिन, हातात कुणाच्या तरी शाळेचा गणवेश.

आम्ही घिवलीकडच्या घरी गेलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. काकूंना विहिरीपाशी बसवलं होतं आणि त्यांची मोठी जाऊ, रीतीभातींत काकूंपेक्षाही कडक, हातात दगड घेऊन पुढे आली होती. काकूंनी मान वर केली.

"दगड ठेव खाली, वैनी."

"अगं, रीत हाय."

"उतरवायच्याच हायत ना? तेल आण."

आणि त्यांनी सगळ्या बांगड्या आपल्या हातानं उतरवल्या. मंगळसूत्रही स्वतःच काढलं. रडल्या नाहीत. बांगड्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मास्तरांच्या उशाशी ठेवल्या, तेव्हा मात्र फडक्याची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

पुन्हा कामावर आल्या, त्या पहिल्या दिवशी गेटवर उतरवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. त्या सरळ आत गेल्या. संध्याकाळी बायका खिळ्यांवरचे नाडे सोडून बांगड्या चढवत होत्या, हसत होत्या, आणि काकू नळापाशी उभ्या होत्या. शेजारी मनोरकडची ती मुलगी, आता तीही तरुण राहिली नव्हती. रोज ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची. त्या दिवशी काकूंनी तिचा हात धरला.

"तू रोज का पळतेस ते मला आज कळलं," त्या म्हणाल्या. "मी तुज्यावर लई अन्याय केला पोरी."

ती मुलगी त्या दिवशी पळाली नाही. दोघी बस येईपर्यंत एकत्र उभ्या राहिल्या.

काही दिवसांनी जेवणाच्या सुटीत काकू माझ्या लॅबमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या. "मॅडम, एक सांगा. इतकी वर्सं मी रोज सकाळी हात मोकळे करून आत जायची. मास्तरांना कदी काय झालं?"

"नाही."

"नि गेले त्या दिवशी? रविवार होता. हातात भरगच्च चुडा होता." त्या आपल्या रिकाम्या मनगटांकडे बघत राहिल्या. "म्हंजे काचेचा नि त्यांच्या जीवाचा काय संबंध नव्हता. मग इतकी वर्सं मी कुणासाठी घालत होती?"

उत्तर त्यांना माझ्याकडून नकोच होतं. त्या उठून गेल्या, पण प्रश्न सोबत घेऊन गेल्या, हे त्यांच्या चालीवरून दिसत होतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी चुडा भरायचा कार्यक्रम, म्हणून मी आणि हॉलमधल्या काही जणी सकाळीच गावी पोचलो. अंगणात नारळाच्या झापांचा मांडव, मोगऱ्याचा वास, सवाष्णींची गर्दी. मध्ये कासार आपली पेटी उघडून बसलेला. नवरी पाटावर. काकू मात्र दिसेनात. मोठ्या जावेनं त्यांना आतल्या खोलीत तांदूळ निवडायला बसवलं होतं. दुष्टपणानं नव्हे, पोरीच्या कार्यात अपशकुन नको, एवढंच तिच्या मनात होतं.

कासारानं पहिली हिरवी बांगडी हातात घेतली. नवरीनं हात मागे ओढला.

"आई कुठाय?"

"आत हाय गं. तू हात दे," जाऊ म्हणाली.

"आई आल्याशिवाय नाय."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. एवढ्यात दारात काकू उभ्या राहिल्या. साधं लुगडं, कपाळ मोकळं, हाताला तांदळाचा कोंडा. त्यांनी हात झटकले, सरळ पाटापाशी आल्या आणि कासाराच्या हातातली बांगडी घेतली.

"हिला नऊ महिने ह्याच हातांनी पोट धरून वागवली," त्या म्हणाल्या. "तवा कुणी शकुन इचारला नाय." आणि मुलीचा हात दाबत दाबत त्यांनी पहिली बांगडी चढवली. इतक्या हलक्या हातानं, की मुलीच्या भुवईलासुद्धा आठी पडली नाही.

मग काकू कासारासमोर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

"आता मला भर."

कासार गोंधळला. त्यानं जावेकडे पाहिलं.

"तिकडं काय बगतोस? हात माजा हाय." काकूंचा आवाज हॉलमध्ये असायचा तसाच खणखणीत होता. "मंगळसूत्र त्यांनी बांधलं होतं, ते त्यांच्यासंगती उतरवलं. पण बांगड्या मी पाळण्यात असल्यापास्नं घालते. तवा मास्तर कुठं होते? ते आले मागनं. त्यांनी दिलेलं त्यांच्याबरोबर गेलं. माजं हाय ते माज्यापाशी राव्हंल."

मोठी जाऊ खांबाला धरून उभी होती. तिचं तोंड लाल झालं होतं. आता ही ओरडणार, आता मांडवात तमाशा होणार, असं सगळ्यांना वाटलं. ती पुढे आली, काकूंच्या अगदी समोर. काकूंनी हात मागे घेतला नाही.

"तुला मानपान काय कळतो का नाय?" जाऊ कडाडली.

"काय झालं?"

"मी मोठी हाय ह्या घरात!" असं म्हणून ती धपकन काकूंच्या शेजारी बसली आणि आपला हात काकूंच्या हातापुढे ठेवला. "आदी माजा हात भरायचा. मग हिचा. कुणी मोडायचं नाय."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. पण पुढच्या क्षणी सगळा मांडव हसत होता, रडत होता, आणि दोघी जावा एकमेकींना कोपरानं ढकलत कासारापुढे बसल्या होत्या. जावेचा हात भरला. मग काकूंचा. एकेक हिरवी बांगडी चढत गेली. शेवटची चढली तेव्हा काकूंनी दोन्ही हात वर केले आणि मनगटं हलवली, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

मग बायकांची रांग लागली. त्या रांगेच्या शेवटी, भिंतीला टेकून, मास्तरांची आत्या बसली होती. पांढरं लुगडं, तोंडाचं बोळकं झालेलं. विशीच्या आतच तिचा नवरा गेला होता. मांडवातल्या कुणीच तिच्या हातात कधी काही पाहिलं नव्हतं. ती हळूहळू सरकत पुढे आली आणि तिनं पदराखालून आपला हाडकुळा हात काढला.

"दुखंल काय रे?" तिनं कासाराला विचारलं. "हात निबर झाला आता."

"नाय दुखणार आत्या," काकू म्हणाल्या, आणि तेलाची वाटी घेऊन तिच्यासमोर बसल्या.